पाळी चुकायच्या आधीच सुरू झालेलं काम

गटातल्या सगळ्या ताया, मावश्या, काकू आणि यंदा लग्न होऊन आपल्या गावात आलेल्या नव्या सुना, आज तुम्हा सगळ्यांशीच बोलायचं आहे. पोटात बाळ कसं तयार होतं, आणि बाळाच्या मागून जी वार पडते ती नेमकं काय काम करते, हा आजचा विषय. आपल्यापैकी कितीतरी जणींनी दोन-दोन, तीन-तीन बाळंतपणं काढली, पण हे कोणी समोर बसवून सांगितलं नाही.

हा विषय आम्हाला एका घरानं दिला. आमच्या एका गटातली ताई कितीतरी महिने बैठकीला येत नव्हती. बचतीचे पैसे नणंदेच्या हाती पाठवायची. एक दिवस आम्ही तिच्या घरी गेलो. मांडीवर दोन महिन्यांचं बाळ होतं आणि बाळाचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता. आम्ही काही विचारायच्या आधीच सासूबाई बोलल्या, "गिराणात हिनं इळा हाती घेतला, म्हून पोराचं असं झालं. सांगून आयकलं नाही." ताई मान खाली घालून बसली होती. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "ताई, खरंच माझ्यामुळं झालं का हो?"

त्या दिवशी आमच्याजवळ धड उत्तर नव्हतं. "असं काही नसतं" एवढंच आम्ही म्हणालो. पण नुसत्या "नसतं" म्हणण्यानं कोणाच्या मनातलं जात नाही. मग आम्ही आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंजवळ बसलो, पुस्तकं पाहिली, एकेक गोष्ट समजून घेतली. तीच आज तुम्हाला सांगतो. एक गोष्ट फक्त ध्यानात ठेवा. ग्रहण लागलं तेव्हा त्या ताईला सहावा महिना होता.

दिवस मोजायचे कसे

आधी हिशेब पाहू, कारण इथंच गोंधळ होतो. डॉक्टर आणि आशाताई दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पण गर्भ राहतो तो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे कार्डावर "सहा आठवडे" लिहिलं असेल, तर पोटातला जीव खरा चार आठवड्यांचा असतो. आज आम्ही गर्भ राहिल्या दिवसापासून मोजणार आहोत. ज्यांना कार्डाशी ताळा करायचा असेल, त्यांनी दोन आठवडे मिळवावेत.

या हिशेबानं पाळी चुकते तेव्हा बाळ जवळपास चौदा दिवसांचं झालेलं असतं. त्या चौदा दिवसांत आपल्याला काही कळत नाही. आपण निंदायला जातो, वेचायला जातो, डोक्यावर पाण्याचे हंडे वाहतो. आणि आत काम सुरू झालेलं असतं.

पहिला आठवडा

बाईच्या अंडाशयातून महिन्याला साधारण एक बीज सुटतं. ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं, म्हणजे बारीक सुईच्या टोकाएवढं. सुटल्यावर ते जेमतेम एक दिवस टिकतं. त्या वेळात पुरुषाचं बीज गर्भनळीत त्याला भेटलं, तर दोन्ही मिळून एक पेशी होते. तिच्यात आईकडून २३ आणि बापाकडून २३ अशी ४६ गुणसूत्रं येतात. रंग, उंची, रक्तगट, सिकलसेल आहे की नाही, हे सगळं त्यातच लिहिलेलं असतं. मुलगा की मुलगी हेही त्याच घडीला ठरतं. बाईच्या बीजात नेहमी एक्स गुणसूत्रच असतं. पुरुषाच्या बीजात एक्स असेल तर मुलगी, वाय असेल तर मुलगा. तेव्हा "तिला पोरीच होतात" असं सुनेला बोलण्याला काही अर्थ नाही.

मग त्या एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. हा गोळा वाढत वाढत नळीतून पिशवीकडे सरकतो. पाचव्या दिवशी तो पाण्यानं भरलेल्या बारीक फुग्यासारखा होतो. इथं एक मोठी वाटणी होते. फुग्याच्या आत एका बाजूला थोड्या पेशींचा गठ्ठा जमतो. त्यातून पुढे बाळ होतं. बाहेरून ज्या पेशींचं आवरण असतं, त्यातून वार होते.

हे ऐकून आम्हाला स्वतःलाच नवल वाटलं होतं. वार आईच्या अंगातून उगवते असंच आम्ही समजत होतो. खरं म्हणजे वार मुख्यतः बाळाचीच असते. ज्या एका पेशीतून बाळ झालं, तिच्यातूनच त्याची वार झाली. आई जागा देते, रक्त देते, आणि पिशवीच्या अस्तराचा एक थर त्यात मिसळतो. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकीनं आईच्या पोटात आधी स्वतःच्या खाण्यापिण्याची सोय लावली, मग अंग धरलं.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. पावसाळ्यात सरकी टोबली की आधी काय होतं? आधी मूळ खाली जातं, मग दोन पानं वर येतात. मूळ धरलं नाही तर वरचं रोप किती दिवस टिकेल? बाळाचंही तसंच आहे. सहाव्या-सातव्या दिवशी तो फुगा पिशवीच्या अस्तराला चिकटतो आणि त्याच्या बाहेरच्या पेशी मुळासारख्या आत शिरतात. बाराव्या दिवसापर्यंत तो अस्तरात पूर्ण रुजलेला असतो.

आपल्याच राज्यात या पहिल्या दिवसांचं काम डॉक्टरांनी शरीराबाहेर करून दाखवलं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. आई-बापाचं बीज बाहेर बशीत एकत्र केलं जातं, गर्भ दोन-पाच दिवस तिथं वाढतो, पण बाळ व्हायचं तर पुढे त्याला पिशवीतच सोडावं लागतं. कारण वारेला रुजायला आईचं अंगच हवं.

रुजणाऱ्या या पेशी एक रस सोडतात. तो आईच्या रक्तात जातो आणि शरीराला सांगतो की पाळी थांबव. तोच रस लघवीत उतरतो. आशाताईजवळ "निश्चय" नावाची तपासणीची पट्टी असते ना, तिच्यावर दोन रेषा उमटतात त्या याच रसामुळं. म्हणजे बाळाचा पहिला निरोप आपल्याला त्याची वारच धाडते.

कधी पाळी आठ-दहा दिवस उशिरा येते आणि जास्त जाते. कधी दुसऱ्या महिन्यात पडतं. तेव्हा घरातले म्हणतात, "ओझं उचललं म्हणून पडलं", "पपई खाल्ली म्हणून पडलं". सुरुवातीला जे गर्भ पडतात, त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भांमध्ये गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. ती चूक पहिल्या दिवशी झालेली असते आणि कोणाच्या हातात नसते. अशा बाईला बोल लावू नका. तिला दवाखान्यात न्या आणि विसावा द्या.

तिसरा ते आठवा आठवडा

आता तिसरा आठवडा. म्हणजे पाळी चुकून जेमतेम काही दिवस झालेले. बाळाच्या पेशींचे तीन थर होतात. वरच्या थरातून कातडी, मेंदू आणि मज्जा होते. मधल्या थरातून हाडं, मांस, हृदय, रक्त, मूत्रपिंडं. आतल्या थरातून आतडी, फुप्फुसं आणि यकृताचं अस्तर.

बाविसाव्या दिवसाच्या आसपास हृदय हलायला लागतं. मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू आधी एका उघड्या पन्हाळीसारखा असतो. त्याच्या कडा जुळून त्याची नळी होते आणि अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ती दोन्ही टोकांनी बंद होते. ती खालून उघडी राहिली तर बाळाच्या पाठीवर उघडा गोळा येतो. वरून उघडी राहिली तर डोक्याची कवटी आणि मेंदू बनत नाही. हे टाळायला फॉलिक ॲसिडची गोळी मोठं काम करते. पण मैत्रिणींनो, हिशेब करा. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे. आपल्याकडे नाव नोंदवायला कितीजणी तिसऱ्या महिन्यात जातात! तोपर्यंत ही नळी कधीच बंद झालेली असते. म्हणून ही गोळी दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची असते.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी हातापायांचे कोंब फुटतात. चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी वाढत मधे येतात आणि जुळतात. वरचा ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळून पूर्ण होतो. टाळू त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत मिटते. आठवा आठवडा संपतो तेव्हा बाळ सुमारे तीन सेंटिमीटरचं असतं, बोटाच्या एका पेराएवढं. पण जवळपास प्रत्येक अवयवाचा पाया पडलेला असतो. पुढचे सात महिने असतात ते वाढण्याचे आणि पक्कं होण्याचे.

आता त्या ताईच्या प्रश्नाकडे या. ओठ जुळतो तो दुसऱ्या महिन्यात. ग्रहण लागलं सहाव्या महिन्यात. जो ओठ चार महिन्यांपूर्वीच फाटका राहिला होता, तो सहाव्या महिन्यात हाती घेतलेल्या विळ्यानं कसा फाटेल? आम्ही बोटं मोजत हा हिशेब सासूबाईंसमोर केला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे गिराणाच्या आधीच झालं व्हतं." हो, आधीच झालं होतं. का झालं, हे बहुतेक वेळा एका कारणावर बोट ठेवून सांगता येत नाही. काही घराण्यात येतं, काही वेळा तंबाखू, काही औषधं यांनी धोका वाढतो, आणि कितीदा काहीच कारण सापडत नाही.

वार काय काय करते

आता वारेचं काम पाहू. वारेच्या आत झाडाच्या मुळ्यांसारखे हजारो बारीक फाटे असतात. विहिरीच्या कडेला उंबर उगवतो आणि त्याच्या मुळ्या पाण्यात लोंबतात, तसे हे फाटे आईच्या रक्तात लोंबत असतात. फाट्यांच्या आत बाळाचं रक्त, बाहेर आईचं रक्त, मधे पातळ पडदा. दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून तर आईचा रक्तगट एक आणि बाळाचा दुसरा असू शकतो. त्या पडद्यातून प्राणवायू, साखर, लोह, कॅल्शियम आणि प्रथिनांचे घटक बाळाकडे जातात, आणि बाळाच्या अंगातला खराब वायू आणि घाण आईकडे येते. आई तिच्या श्वासातून आणि लघवीतून ती बाहेर टाकते.

म्हणजे वार ही बाळाचं फुप्फुस आहे, मूत्रपिंड आहे आणि पोटही आहे. शिवाय दोन-अडीच महिन्यांपासून गर्भ टिकवणारे रसही तीच बनवते. दिवस भरल्यावर तिचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं, म्हणजे बाळाच्या वजनाच्या सुमारे सहावा हिस्सा. पण तिचे सगळे फाटे उलगडून पसरले तर दहा चौरस मीटरहून जास्त जागा भरेल, आपल्या घराच्या एखाद्या खोलीएवढी. शेवटच्या महिन्यात आईचं अर्धा लिटरहून जास्त रक्त दर मिनिटाला तिच्यातून फिरतं.

सुरुवातीचे अडीच महिने मात्र आईचं रक्त वारेत मोकळं वाहत नाही. त्या काळात बाळ पिशवीच्या अस्तरातल्या रसावर वाढतं. आईच्या अंगात आधीपासून जे साठलं असेल ते तेव्हा कामी येतं. म्हणून सुरुवातीला उलट्या झाल्या, दोन घास कमी गेले, तरी लगेच घाबरू नका. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल तर मात्र दवाखाना गाठा. पण अंगात साठाच नसेल तर? रक्त आधीच कमी असेल तर? तिथं खरी अडचण आहे.

पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून एक अभ्यास केला. बाया आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरलं. सोनोग्राफीत वारेचा आकारही मोजला. दिवस राहण्याआधी ज्यांचं वजन बरं होतं त्यांची वार मोठी दिसली, आणि ज्यांची वार मोठी त्यांची बाळंही वजनदार. ज्या बाया हिरव्या पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात होत्या, त्यांची बाळंही अंगानं बरी होती. जास्त कष्टाची कामं करणाऱ्यांची बाळं लहान होती.

दुसरा अभ्यास मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला. तिथं काही बायांना दिवस राहण्याच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ दिला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा वजनात फरक दिसला नाही. पण ज्यांनी किमान तीन महिने आधी सुरू केला होता, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनं जास्त होतं. फारच बारीक असलेल्या आयांमध्ये तेवढा लाभ दिसला नाही. गरोदरपणातला मधुमेहही खाऊ खाणाऱ्यांत कमी आढळला. याचा अर्थ साधा आहे. रान पेरणीआधी तयार करावं लागतं. पीक उभं राहिल्यावर खत टाकलं तर थोडं लागतं, पण जमीनच भुकेली असेल तर किती लागणार?

आपल्याकडे उलटं बोललं जातं. "जास्त खाल्लं तर बाळाला जागा राहत नाही", "गोळ्यांनी बाळ मोठं होतं, मग सिझर करावं लागतं". मैत्रिणींनो, बाळ जठरात नसतं, पिशवीत असतं. भाकर जाते एका पिशवीत, बाळ असतं दुसरीत. भाकर, वरण, अंबाडी, तरोटा, मेथी, शेंगदाणे, अंडी, दूध, जे घरात आहे ते पोटभर खा. लोहाच्या गोळीनं रक्त वाढतं, आणि बाळाला प्राणवायू पोचवायला तेच रक्त लागतं.

वार सगळंच अडवत नाही

जुन्या काळी डॉक्टरही समजत की वार म्हणजे भिंत आहे, वाईट काही पलीकडे जाऊ देत नाही. मग थॅलिडोमाइड नावाचं औषध आलं. परदेशात ते झोपेसाठी आणि मळमळीसाठी दिलं गेलं. १९६१ मध्ये ते बाजारातून काढायला लागले, तोपर्यंत जगभरात हजारो बाळं हातपाय आखूड घेऊन जन्मली होती. तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले.

वारेतून चांगलंही जातं. आपण धनुर्वाताची सुई घेतो, आपल्या अंगात जी शक्ती तयार होते ती वारेतून बाळाला मिळते आणि जन्मल्यावर त्याचं रक्षण करते. पण वाईटही जातं. तंबाखूचं निकोटीन जातं. आपल्या भागात पुरुष खर्रा खातात, आणि बायाही खातात, फक्त कोणासमोर सांगत नाहीत. कोणी दाताला तंबाखू घासते. निकोटीननं वारेकडच्या रक्तवाहिन्या आखडतात, बाळाला रक्त कमी पोचतं, बाळ लहान राहतं, कधी दिवस भरायच्या आधी जन्मतं. दारूही थेट बाळापर्यंत जाते.

आणि फवारणी. आपल्या जिल्ह्याला हे सांगायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा आपण फवारणाऱ्या माणसांबद्दल बोललो. पण पंपासाठी पाणी कोण वाहतं? औषध कालवायला कोण मदत करतं? फवारून आलेल्या माणसाचे कपडे हातानं कोण धुतं? अनेक कीटकनाशकांचे अंश वारेतून बाळाकडे जाऊ शकतात. फवारणीचा हंगाम आणि पाळी चुकलेली बाई एकाच घरात असेल, तर तिला या कामातून पूर्ण मोकळी ठेवा. फवारलेल्या वावरात लगेच निंदायला पाठवू नका. "अजून पोट कुठं दिसतं" असं म्हणू नका, कारण सगळ्यात नाजूक दिवस पोट दिसायच्या आधीचेच असतात.

दुकानातून मनानं आणलेली अंगदुखीची, तापाची, पाळी आणायची गोळीही घेऊ नका. पण आकडी, टीबी, शुगर, थायरॉईड यांची औषधं सुरू असतील तर आपल्या मनानं बंदही करू नका. डॉक्टरांना विचारा.

वार अडचणीत आली की

वार नीट रुजली नाही, तिच्याकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत, तर आईचा रक्तदाब चढू शकतो. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, ही त्याची लक्षणं. कधी वार पिशवीच्या तोंडावर असते, तेव्हा पोट न दुखता लाल रक्त जातं. कधी वार वेळेआधी सुटते, पोट दगडासारखं कडक होतं आणि असह्य दुखतं. कधी बाळाचं हलणं कमी होतं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ किंवा १०२ ला फोन लावा.

बाळ झाल्यावर वार अर्ध्या तासाच्या आत पडायला हवी. नाळ ओढून ती काढायचा प्रयत्न कोणी करू नये, त्यानं जिवावर बेततं. वार पूर्ण पडली की नाही हे नर्सबाई पाहतात, कारण एखादा तुकडा आत राहिला तर रक्तस्राव थांबत नाही. घरी बाळंतपण करू नका असं आम्ही वारंवार सांगतो, ते यासाठीच. बाळ ठीक असेल तर नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापतात, तेवढ्यात वारेतलं आणखी थोडं रक्त बाळाला मिळतं. कापलेल्या नाळेवर राख, शेण, तेल काहीही लावू नका. ती कोरडी ठेवा.

गटानं काय करावं

गटात बसून आम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हीही ठरवून पाहा.

पहिली, लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिल्याच महिन्यात बैठकीला आणायचं आणि आशाताईशी ओळख करून द्यायची. तिचं रक्त आणि सिकलसेल तपासून घ्यायचं, नवऱ्याचंही. मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिडची गोळी आधीपासूनच सुरू करायची, आणि लगेच नको असेल तर साधनं कोणती हेही विचारायचं.

दुसरी, पाळी आठ दिवस चुकली की "निश्चय" पट्टीनं तपासायचं आणि लगेच नाव नोंदवायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून ताजं जेवण मिळतं. ते लाजून सोडायचं नाही.

तिसरी, गरोदर बाईला तपासणीला किंवा सोनोग्राफीला जायला पैसे लागले तर अंतर्गत कर्ज त्याच दिवशी द्यायचं, पुढच्या बैठकीची वाट पाहायची नाही.

चौथी, कोणाचं बाळ कमी वजनाचं झालं, व्यंग घेऊन आलं, कोणाचा गर्भ पडला, तर गटातल्या दोघींनी तिच्या घरी जायचं. तिला एकटी पडू द्यायचं नाही. आम्हाला हे उशिरा सुचलं.

आता त्या ताईचं सांगतो आणि थांबतो. फाटलेल्या ओठावर शस्त्रक्रिया होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या ज्या दोषांवर मोफत उपचार होतात, त्यात ओठ आणि टाळू दोन्ही आहेत. अंगणवाडीत येणाऱ्या पथकानं बाळाची नोंद केली, वजन वाढेपर्यंत वाटीनं दूध कसं पाजायचं ते शिकवलं आणि पुढे शस्त्रक्रिया झाली. आता ओठावर एक बारीक रेघ आहे. ताई बैठकीला येते. मागच्या बैठकीत एका नव्या सुनेनं विचारलं, "ग्रहणात काही करायचं नाही म्हणतात, मग काय करू?" आम्ही बोलायच्या आधी ताईच बोलली, "ग्रहणाचं मला विचार. तू आधी हे सांग, गोळी सुरू केली का?"